रोज खिशात बाळगण्यासाठी चाकू किती मोठा असावा?

पहिल्यांदाच खिशात बाळगायचा चाकू घेऊ पाहणारा माणूस सहसा उघडलेल्या चाकूकडे पाहून निवड करतो. चाकूचे छायाचित्र काढले जाते ते पाते बाहेर काढून, विक्रेता दाखवतो तोही उघडूनच, आणि हातात घेतल्यावर डोळ्यांत प्रथम भरते ती पात्याची लांबी. प्रत्यक्षात तोच चाकू दिवसभर मिटलेला असतो आणि उघडला जातो तो जेमतेम दोन-चार मिनिटांसाठी. त्यामुळे उघडलेला चाकू कितीही मनात भरला, तरी मिटलेला चाकू बसताना मांडीत रुतू लागला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला जड होऊ लागला, की आठ-पंधरा दिवसांत तो टेबलाच्या खणात जाऊन पडतो. म्हणून या लेखात नेहमीच्या उलट क्रमाने जायचे आहे: आधी काम, मग खिसा, मग तळहात, आणि पात्याच्या लांबीचा विचार त्यानंतर.

माझा स्वतःचा पहिला चाकू १० सें.मी. पात्याचा आणि जवळजवळ दीडशे ग्रॅम वजनाचा होता. घेताना मी तो मुठीत धरून पाहिला, पाते उघडे धरून ठेवणारे लॉक बसल्याचा खणखणीत आवाज ऐकला आणि खूश झालो. खिशात घालून खुर्चीत बसून मात्र पाहिले नाही. पुढच्या महिनाभरात त्याच्या क्लिपने, म्हणजे खिशाच्या कडेला अडकवायच्या चिमट्याने, एका लाकडी खुर्चीच्या हातावर चांगली बोटभर लांबीची रेघ ओढली आणि पॅन्टच्या खिशाची कड उसवली. त्यानंतर घरी आलेली पार्सले मी ज्याने उघडत होतो, तो चाकू किल्ल्यांना लटकवलेला, करंगळीएवढा होता.

पहिली पायरी: आठवडाभराची नोंद

चाकू घेण्यापूर्वी एक आठवडा एखाद्या वहीत किंवा फोनमध्ये साधी नोंद ठेवावी. चाकूची गरज वाटली की तीन गोष्टी लिहायच्या: काय कापायचे होते, तेव्हा आपण कोठे होतो, आणि त्या कामाला अंदाजे किती लांबीची धार लागली असती. तिसरा रकाना नवख्या माणसाला अवघड वाटतो, पण थोडे बारकाईने पाहिले की उत्तर चटकन सापडते.

खोक्यावरची चिकटपट्टी घ्या. पुठ्ठ्याच्या दोन झडपांमधल्या फटीवरून पट्टी कापताना पात्याचा जो भाग खरोखर काम करतो, तो टोकापासूनचा फार तर एक सेंटीमीटर असतो. त्याहून खोल गेलात तर आतली वस्तू चिरली जाते. म्हणजे पाते लांब असेल, तर उरलेले सात-आठ सेंटीमीटर केवळ टोक हातापासून दूर नेण्याचे काम करतात आणि टोक जितके दूर, तितके ते डगमगते. पाकीट उघडणे, कपड्यावरचा किमतीचा टॅग काढणे, सुटलेला धागा कापणे, पेन्सिलीला टोक करणे ही सगळी कामे याच जातीची आहेत.

दोरीचे गणित वेगळे आहे. दोरी दाबून तुटत नाही. धार तिच्यावरून ओढावी लागते, आणि एका ओढीत जितकी लांब धार सरकेल तितके काम होते. तरीही आखूड पात्याने एवढेच होते की एका ओढीऐवजी तीन ओढी माराव्या लागतात. रिकामे खोके फाडून सपाट करायचे असेल तर पाते जागच्या जागी राहते आणि पुठ्ठाच धारेवरून सरकत जातो, त्यामुळे तेथे पात्याच्या लांबीपेक्षा मुठीची पकड महत्त्वाची ठरते. खरी लांबी मागणारे रोजचे काम म्हणजे फळ कापणे. मध्यम आकाराच्या सफरचंदाचा व्यास सुमारे ७ ते ८ सें.मी. असतो, ६ सें.मी.च्या पात्यानेही ते कापता येते, पण फळ गोल फिरवत कापावे लागते आणि दोन काप मधोमध जुळतीलच असे नाही.

आठवड्याच्या शेवटी वही उघडली की बहुतेकांना एकच गोष्ट दिसते: दहातली आठ-नऊ कामे ३ ते ५ सें.मी. धारेत उरकणारी असतात. ज्यांच्या नोंदीत फळे, जाड दोर किंवा पुठ्ठ्याचे ढीग वारंवार येतात, त्यांनीच पुढच्या आकाराकडे वळावे.

दुसरी पायरी: कोणती लांबी म्हणजे कोणती, हे समजून घेणे

चाकूच्या माहितीत तीन वेगवेगळ्या लांब्या दिलेल्या असतात आणि नवखा माणूस त्यांची सरमिसळ करतो. मिटलेली लांबी म्हणजे पाते आत घातल्यावर मुठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. खिशात राहते ती हीच. पात्याची लांबी बहुधा टोकापासून मुठीच्या पुढच्या कडेपर्यंत सरळ रेषेत मोजली जाते. धारेची लांबी मात्र फक्त धार लावलेल्या भागाची असते. पुष्कळ चाकूंत मुठीजवळ पात्याचा काही भाग बिनधारेचा सोडलेला असतो, त्यामुळे पाते ८ सें.मी.चे असूनही कापणारी धार सातच सेंटीमीटरची निघू शकते. दोन चाकूंची तुलना करताना एकाची धार आणि दुसऱ्याचे पाते शेजारी ठेवू नये. माहिती इंचात दिली असेल तर १ इंच म्हणजे २.५४ सें.मी. हे लक्षात ठेवून दोन्ही आकडे एकाच मापात आणावेत.

यातली एक गोष्ट रचनेतूनच येते. पाते मुठीत मावायचे असल्यामुळे साध्या घडीच्या चाकूची मूठ पात्यापेक्षा लांबच असते. हा फरक साधारणपणे दोन-अडीच सेंटीमीटरांचा, कधी त्याहून कमी तर कधी जास्त असतो. म्हणून पाते १ सें.मी.ने वाढवले की खिशातला चाकूही जवळजवळ तेवढाच वाढतो.

तिसरी पायरी: पुठ्ठ्याचा चाकू

ही पायरी गमतीची वाटेल, पण मी आता ती कोणालाही टाळू देत नाही. जो चाकू घ्यायचा विचार आहे, त्याची मिटलेली लांबी, रुंदी आणि जाडी लिहून घ्यावी. जाड पुठ्ठ्याच्या त्या मापाच्या पट्ट्या कापून एकावर एक चिकटवाव्यात आणि हवी ती जाडी आली की मधल्या थरात नाणी किंवा लोखंडी वायसर घालून वजनही चाकूइतके करावे. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यासाठी पुरतो. हा खोटा चाकू जेथे खरा ठेवणार असाल, त्याच खिशात आठवडाभर ठेवून हिंडावे.

त्या आठवड्यात पाच गोष्टी मुद्दाम करून पाहाव्यात. खुर्चीत बसावे, जिने चढावे, बुटांची नाडी बांधायला वाकावे, गाडी चालवत असाल तर चालकाच्या जागेवर बसावे आणि त्याच खिशातून फोन किंवा किल्ल्या काढून पाहाव्यात. पुढच्या खिशात ठेवलेली वस्तू बसल्यावर मांडी आणि पोट यांच्या घडीत अडकते, आणि १० सें.मी.पेक्षा लांब, कडक वस्तू तेथे हमखास जाणवते. स्त्रियांच्या पॅन्टचे आणि कुर्त्यांचे खिसे पुष्कळदा फारच उथळ असतात. तेथे खिशाची खोली आधी पट्टीने मोजून, मिटलेली लांबी तिच्यापेक्षा निदान दोन बोटे कमी असलेलाच चाकू निवडावा, नाहीतर वाकताना तो बाहेर पडतो.

वजनाबाबत माझा अनुभव असा की ६० ग्रॅमपर्यंतचा चाकू खिशात विसरला जातो, ६० ते १०० ग्रॅमचा असल्याची जाणीव राहते पण त्रास होत नाही, आणि १२० ग्रॅमच्या पुढचा चाकू सैल किंवा पातळ कापडाच्या खिशात चालताना लंबकासारखा मांडीवर आपटतो. जाडीकडे मात्र लांबीइतकेही लक्ष दिले जात नाही. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे वजन जेमतेम ४५ ग्रॅमच्या आसपास आहे, तरी त्याची गोल लाकडी मूठ खिशाला फुगवटा आणते. उलट त्याच सुमाराच्या वजनाचा, मिटल्यावर ८४ मि.मी. लांबीचा आणि ॲल्युमिनियमच्या चपट्या मुठीचा, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा कॅडेट कापडाआड दिसतही नाही. पातळ कपडे घालणाऱ्याने वजनाआधी जाडी पाहावी.

चौथी पायरी: तळहात

आता मूठ. उजव्या हाताची चार बोटे एकमेकांना चिकटवून त्यांच्या मुळाशी, म्हणजे जेथे बोटे तळव्याला मिळतात तेथे, आडवी पट्टी धरावी. प्रौढ माणसाच्या हाताचे हे माप बहुधा ७ ते ९ सें.मी.च्या दरम्यान येते. चारही बोटे मुठीवर नीट बसायची असतील तर मुठीचा धरता येण्याजोगा भाग या मापाएवढा किंवा थोडा जास्त हवा. तीन बोटांची मूठ असेल तर करंगळी हवेत राहते. पाकिटे आणि पट्ट्या कापायला त्याने काही बिघडत नाही, पण जाड पुठ्ठ्यात पाते अडकले आणि जोर लावला की मूठ तळव्यात वळू लागते. अशा वेळी माणूस नकळत पकड आणखी आवळतो, आणि पाते एकदम सुटले की हात पुढे जातो. हाताला होणाऱ्या बऱ्याच जखमांचे मूळ या झटक्यात असते, धारेत तितके नसते.

म्हणून नोंदवहीत जोर लावण्याची कामे दिसत असतील, तर पाते आखूड चालेल पण मूठ आखूड नको. लांब मूठ आणि आखूड पाते असलेला चाकू दिसायला बेढब वाटतो. वापरायला तो फार समजूतदार असतो. याच्या उलट, मोठ्या पात्याच्या हव्यासापायी मूठ रेखीव आणि बारीक केलेले चाकू मी तरी नवख्या माणसाला सुचवणार नाही.

हाताचे माप घेतल्यावर शक्य असेल तर चाकू प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावा, आणि तोही दोन प्रकारे धरून: एकदा मुठीत घट्ट, आणि एकदा तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून, जशी ती पेन्सिल तासताना ठेवली जाते. दुसऱ्या पकडीत टोकावर ताबा राहतो की नाही हे पाहिले की पाते आपल्या हाताला लांब आहे का, याचा लगेच उलगडा होतो.

पाचवी पायरी: पात्याची लांबी

येथवर आल्यावर लांबीचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो, तरी बाजारात काय मिळते त्याची ओळख हवी.

सर्वांत लहान गट ४ सें.मी.पर्यंतच्या पात्यांचा. व्हिक्टोरिनॉक्सचा मिटल्यावर ५८ मि.मी. लांबीचा, सुमारे २० ग्रॅमचा क्लासिक हा त्याचा ओळखीचा नमुना. त्यात पात्याबरोबर छोटी कात्री आणि कानसही असते. किल्ल्यांना लटकवून ठेवला की तो आपल्याबरोबर आहे हे आठवावे लागत नाही. वहीतली चिकटपट्टी, धागे आणि पाकिटे त्याने उरकतात. फळ आणि दोर त्याच्या आवाक्याबाहेर आहेत असे नाही, पण तेथे त्याचा कस लागतो.

त्यानंतर ५ ते ६.५ सें.मी.चा गट येतो आणि मला विचाराल तर नवख्या माणसाने सुरुवात येथूनच करावी. या मापात मिटलेला चाकू ८-९ सें.मी.चा राहतो, म्हणजे तीन बोटे पूर्ण आणि चौथे अर्धेमुर्धे बसते, फळ थोडे फिरवून कापता येते आणि चारचौघांत चाकू उघडला तरी शेजारचा माणूस दचकत नाही. ही शेवटची बाब क्षुल्लक समजू नये. कार्यालयात कोणाचे पार्सल उघडून देताना लोक तुमच्या धारेकडे पाहत नाहीत, आकाराकडे पाहतात.

सुमारे ७ ते ८ सें.मी. हा सर्वांत लोकप्रिय पट्टा आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मि.मी. (मिटलेली लांबी) मालिकेतले मोठे पाते साधारण ७ सें.मी.चे असते, ओपिनेलचे ६ आणि ७ क्रमांकही याच पट्ट्यात पडतात. ओपिनेलची क्रमांकांची पद्धत आकार समजून घ्यायला फार सोयीची आहे. फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये आपला चाकू घडवला आणि १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे आकार ठरवले. पुढे १ आणि ११ हे क्रमांक बंद झाले. आकृती तीच आणि माप तेवढे बदललेले, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवले की ७ क्रमांकाचे ८ सें.मी.चे पाते, ८ क्रमांकाचे ८.५ सें.मी.चे आणि १० क्रमांकाचे १० सें.मी.चे यांत हाताला काय फरक पडतो ते अगदी स्पष्ट कळते. ज्यांच्या नोंदीत जेवणाची आणि फळांची कामे भरपूर आहेत, त्यांना ७-८ सें.मी. बरोबर पडते.

त्यापुढची, ८.५ सें.मी.हून मोठी पाती सहल, बागकाम, नावेवरचे काम यांसाठी ठीक आहेत. रोज खिशात ठेवायला ती मी सुचवत नाही. कलिंगड किंवा पाव कापायचा प्रसंग आला तर स्वयंपाकघरातली सुरी अधिक चांगले काम करते.

सहावी पायरी: पात्याची जाडी

लांबीच्या नादात जाडी विसरली जाते, आणि चाकू 'कापत नाही' अशी तक्रार पुष्कळदा येथूनच सुरू होते. पाते म्हणजे एक पाचर आहे. पाठीकडे ३.५-४ मि.मी. जाड असलेले पाते सफरचंदात घातले की धार कितीही तीक्ष्ण असली तरी फळ कापले न जाता मध्येच कडकन फुटते, कारण जाड पाठ दोन्ही अर्ध्या भागांना बाजूला रेटते. दीड-दोन मिलीमीटरचे पाते तेथूनच शांतपणे खाली उतरते. पुठ्ठ्यातही हाच फरक जाणवतो. जाड पाते खोचून उचकटायला मजबूत असते हे खरे, पण चाकूने उचकटू नये, त्यासाठी पेचकस असतो. आखूड पण पातळ पाते हे लांब आणि जाड पात्यापेक्षा रोजच्या कामात सरस ठरते, आणि एक आकार कमी घेण्याचे धाडस नवख्या माणसाने करावे ते याच भरवशावर.

सातवी पायरी: लॉक हवे की नको

काही चाकूंत पाते केवळ मुठीतल्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, दाबावर उघडे राहते, तर काहींत ते लॉक होते. लांबीचा याच्याशी थेट संबंध आहे. टोकाकडे पाठीवर दाब आला तर पाते मिटू पाहते, आणि तोच दाब ९ सें.मी.वर आला तर त्याचा पिळा, म्हणजे पाते फिरवण्याचा जोर, ४.५ सें.मी.वर आलेल्या दाबाच्या दुप्पट असतो. पाच-सहा सेंटीमीटरच्या पात्याला चांगली कमान पुरते, ७ सें.मी.च्या पुढे आणि जोराच्या कामाला लॉक असलेले बरे. ओपिनेलने १९५५ मध्ये आणलेले फिरते धातूचे कडे हा लॉकचा सर्वांत साधा प्रकार, कारण ते फिरले आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. लॉक कोणतेही असो, मिटवताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत आणि चाकूने कधी भोसकल्यासारखा दाब देऊ नये.

आठवी पायरी: कायदा आणि प्रवास

ही पायरी शेवटी लिहिली असली तरी पैसे देण्यापूर्वी ती पुरी झालेली असावी. चाकू बाळगण्याचे नियम देशागणिक आणि कधी शहरागणिक बदलतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचा आधार आकार हाच असतो. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो तो घडीचा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सें.मी.पर्यंत धार असलेला चाकू. तेथे मोजली जाते ती धार, त्यामुळे दुसऱ्या पायरीतला पाते आणि धार यांमधला भेद कागदोपत्रीही महत्त्वाचा ठरतो. लॉक असलेला चाकू कितीही लहान असला तरी या सवलतीत बसत नाही. जपानमध्ये योग्य कारणाशिवाय ६ सें.मी.हून लांब पात्याचा चाकू जवळ बाळगण्यास मनाई आहे आणि त्याहून लहान चाकूबद्दलही कारण विचारले जाऊ शकते. आपण राहतो आणि जातो तेथील नियम अधिकृत ठिकाणी वाचून मगच माप ठरवावे. शाळा, न्यायालये आणि सरकारी इमारतींत लहान चाकूलाही बहुधा प्रवेश नसतो.

विमानात हातातल्या सामानात चाकू नेऊ नये. अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे ६ सें.मी.पर्यंतच्या छोट्या पात्यांना विमानात परवानगी देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, पण विरोधामुळे त्याच वर्षी तो मागे घेतला गेला. किल्ल्यांना लटकवलेला चाकू या बाबतीत सर्वांत दगाबाज असतो. तो इतका अंगवळणी पडतो की तपासणीच्या रांगेत उभे राहीपर्यंत आठवत नाही. माझा एक छान चाकू असाच तेथल्या डब्यात टाकावा लागला. तेव्हापासून प्रवासाच्या आदल्या रात्री किल्ल्यांचे जुडगे सोडवून चाकू घरीच ठेवतो किंवा विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत घालतो.

विकत घेतल्यानंतरचा महिना

नवा चाकू आला की पहिले काही दिवस तो दोन्ही हातांनी, बसून, सावकाश उघडावा आणि मिटवावा. पात्यावर नख अडकवण्याची खाच असेल तर ती कोठे आहे हे बोटांना न पाहता कळू लागेपर्यंत घाई करू नये. नोंदवही मात्र बंद करू नये. आता तिच्यात दोनच गोष्टी लिहायच्या: आज चाकू खिशात होता का, आणि एखादे काम त्याच्या लहान किंवा मोठ्या आकारामुळे अडले का. महिन्यानंतर, चाकू घरी राहिल्याच्या नोंदी जास्त निघाल्या तर एक आकार खाली यावे. काम अडल्याच्या नोंदी जास्त निघाल्या तर लगेच लांब पात्याकडे न वळता आधी धार तपासावी, कारण बोथट झालेला ६ सें.मी.चा चाकू आणि अपुरा पडणारा ६ सें.मी.चा चाकू यांची तक्रार वहीत एकाच शब्दांत लिहिली जाते. धार लावूनही काम अडत असेल, तर एक आकार वर जावे आणि पुठ्ठा, कात्री व वजनकाटा पुन्हा बाहेर काढावा.